‘लाईट’ किती आणि कुठवर? प्रोस्टेट कॅन्सरच्या किरणोपचारांचे त्रास



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी विहारात वंदना आटोपली. चहा फिरत होता. भोसरीकडच्या एका मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढून आमच्यापुढे ठेवले. वडील अडुसष्ट वर्षांचे, सगळी उमेद एमआयडीसीत लेथवर गेलेली. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते म्हणून दाखवायला गेले आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. एका रुग्णालयाने लिहिले होते, पंचवीस वेळा लाईट, प्रोस्टेट आणि ओटीपोटातल्या गाठींच्या भागावर. दुसऱ्याने लिहिले होते, पाच वेळा, फक्त प्रोस्टेटवर. पाचचा खर्च जास्त होता. मुलाचा प्रश्न एकच होता, “त्रास कशात कमी?”

चहा पिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाच म्हटले. खरे सांगायचे तर आम्हीही मनातून पाचच म्हटले होते. आम्ही डॉक्टर नाही. पण हे पान चालवतो म्हणून नंतर वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, आणि कळले की मुलाचा प्रश्न अर्धाच होता. उरलेला अर्धा काय, ते या वेळी मांडतो. ज्या पिढीने सत्तर-ऐंशीच्या दशकात गाव सोडून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत हजेरी लावली, ती आता नेमकी या आजाराच्या वयात आली आहे. त्यामुळे हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही.

आधी जागा समजून घेऊ. प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी, साधारण अक्रोडाएवढी. तिच्या वर लघवीची पिशवी, मागे चिकटून गुदाशय, म्हणजे शौच साठतो तो आतड्याचा शेवटचा भाग, आणि तिच्या मधोमध लघवीची नळी. शरीरात इतकी दाटीवाटीची जागा क्वचितच. ज्याने वेल्डिंग केले आहे त्याला हे लगेच कळेल. जोड पक्का करायचा, पण शेजारचा पातळ पत्रा जळू द्यायचा नाही. किरणोपचारांचे (आपल्याकडे कोणी ‘लाईट’ म्हणते, कोणी ‘शेक’) सगळे त्रास या शेजारच्या पत्र्याचे असतात. म्हणून यंत्राचे नाव काय, त्याची जाहिरात किती मोठी, यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्या लागतात. किरण किती अचूक मारणार? किती भागावर मारणार? आणि किती हप्त्यांत मारणार?

एक गैरसमज इथेच काढून टाकू. बाहेरच्या यंत्राने दिलेली लाईट अंगात साठून राहत नाही. ती घेऊन आलेल्या आजोबांनी नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही, त्यांचे ताट-तांब्या वेगळा करायची गरज नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वेगळे ताट पाहिले, त्याने आपल्याच माणसाचे ताट वेगळे करावे, हे आम्ही एका घरात पाहिले आणि वाईट वाटले.

आता अचूकतेचे. जुन्या पद्धतीत चौकोनी झोत मारत, त्यात गुदाशयाचा बराच भाग सापडे. मग कॉम्प्युटरवर ग्रंथीच्या आकाराप्रमाणे झोत कापायची पद्धत आली. इंग्लंडमध्ये २२५ पुरुषांवर या दोन्हींची तुलना झाली, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीत शंभरातल्या १५ जणांना गुदाशयाची सूज आणि रक्त जाण्याचा, दुर्लक्ष करता येणार नाही असा त्रास झाला, नव्या पद्धतीत ५ जणांना. डोस दोघांना सारखाच होता, फरक फक्त आकाराचा. त्यानंतर आणखी बारकाईची आयएमआरटी आली, आणि रोज उपचाराआधी यंत्रावरच फोटो काढून जागा तपासणारी आयजीआरटी आली. आज प्रोस्टेटसाठी निदान ही दोन नावे फाईलवर असावीत. नसतील तर “का नाही?” असे विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

इथे लोक प्रोटॉनचे विचारतात. खारघरला टाटाच्या केंद्रात प्रोटॉनचे यंत्र आहे, पेपरात त्याचे फोटो येऊन गेले. लहान मुलांच्या काही गाठींसाठी ते मोलाचे आहे. पण प्रोस्टेटसाठी अमेरिकेत ४५० पुरुषांवर प्रोटॉन आणि आयएमआरटी यांची तुलना केली गेली. २०२४ मध्ये निकाल मांडला गेला तेव्हा शौचाच्या, लघवीच्या, लैंगिक त्रासांत दोन्हींत फरक दिसला नाही. प्रोस्टेटच्या प्रोटॉनसाठी कोणी घर गहाण टाकायला निघाला असेल तर त्याला थांबवा.

हप्त्यांची गोष्ट आपल्या वस्त्यांसाठी सगळ्यात जवळची. एक खेप म्हणजे रुग्णाबरोबर जाणाऱ्या मुलाचा एक खाडा, आणि कंत्राटी कामगाराला खाडा म्हणजे पगार नाही. पूर्वी सदतीस ते एकोणचाळीस खेपा लागत, म्हणजे जवळजवळ आठ आठवडे. ब्रिटनसह काही देशांत ३,२१६ पुरुषांवर ३७, २० आणि १९ खेपांची तुलना झाली. २०१६ साली निकाल आला, की वीस खेपांत आजार तितकाच आटोक्यात राहतो आणि पाच वर्षांनंतरचे त्रासही जवळपास सारखेच. तेव्हापासून कमी खेपांचा रस्ता मोकळा झाला. कोणी आजही सवयीने एकोणचाळीस लिहून देत असेल, तर वीस-पंचवीसमध्ये होईल का, हे नक्की विचारा.

मग पाचच का नको? पाच खेपांच्या पद्धतीला एसबीआरटी म्हणतात. प्रत्येक खेपेला डोस मोठा, म्हणून नेमही तेवढाच पक्का हवा. तिची मोठी तुलना ८७४ पुरुषांवर झाली आणि निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी आजार आटोक्यात असलेले दोन्हीकडे शंभरात सुमारे ९५. शौचाचा त्रास दोन्हीकडे सारखा, शंभरात दहा-अकरा. पण लघवीचा, म्हणजे औषध घ्यावे लागेल असा त्रास पाच वर्षांत कधी ना कधी झालेले पुरुष पाच खेपांत २७ होते, जास्त खेपांत १८. खेपा कमी म्हणजे त्रास कमी, हा आमचा चहाच्या वेळचा हिशोब इथेच चुकला. खेपा वाचतात, खाडे वाचतात, लघवी थोडी जास्त कुरकुर करते. ज्याला रोज चाकणहून यायचे आहे त्याला हा सौदा परवडेलही. पण तो सौदा आहे, फुकट नाही.

आणि दुसरी, जास्त महत्त्वाची बाब. हे ८७४ पुरुष कमी किंवा मध्यम धोक्याच्या कॅन्सरचे होते. भोसरीच्या त्या वडिलांचा आजार त्यात बसत नव्हता. पीएसए बरेच वाढलेले, बायोप्सीत ग्लीसन आठ, म्हणजे जास्त धोक्याचा गट. आपल्याकडे तपासणी उशिरा होते, म्हणून असे रुग्ण जास्त भेटतात. त्यांच्यासाठी खरा प्रश्न तिसरा असतो. किती भागावर?

याचे उत्तर परदेशातून आणावे लागत नाही, ते मुंबईतच शोधले गेले. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वेदांग मूर्ती यांच्या गटाने २०११ ते २०१७ या काळात जास्त धोक्याच्या २२४ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत विभागले. एका गटाला फक्त प्रोस्टेटवर किरण, दुसऱ्याला प्रोस्टेट आणि ओटीपोटातल्या लसिका गाठींवरही. सर्वांना पंचवीस खेपा, सर्वांना आयएमआरटी, सर्वांना निदान दोन वर्षे हार्मोन बंद करणारे उपचार. २०२१ साली निकाल आला. पाच वर्षांनंतर पीएसए पुन्हा न चढलेले पुरुष ओटीपोटासकट घेतलेल्यांत शंभरात ९५, फक्त प्रोस्टेटवर घेतलेल्यांत ८१. आता किंमत. मागाहून येणारा, औषध लागण्याइतका लघवीचा त्रास ओटीपोटासकट घेतलेल्यांत शंभरात सुमारे १८, फक्त प्रोस्टेटवर घेतलेल्यांत सात-आठ. शौचाच्या त्रासात थोडा फरक दिसला, पण तो योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. पाच वर्षांत जिवंत राहिलेल्यांची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखीच होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आणि रुग्णांना स्वतःला विचारले तेव्हा रोजच्या जगण्याबद्दल दोन्ही गटांची उत्तरे फारशी वेगळी नव्हती.

हे आकडे त्या मुलासमोर मांडल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे त्रास कमी असलेला कागद बाबांचा नव्हताच.” बरोबर होते त्याचे. त्रास कशात कमी, हा प्रश्न ‘कोणत्या आजारासाठी’ हे विचारल्याशिवाय पुरा होत नाही. छोट्या आजारावर मोठे शेत नांगरले तर उगाच त्रास, आणि मोठ्या आजारावर छोटे शेत नांगरले तर आज बरे वाटते आणि पीएसए उद्या चढते. दोन रुग्णालयांच्या कागदांची तुलना करायची तर आधी दोघांनी आजार एकाच गटात धरला आहे का, हे पाहा. त्या घरात शेवटी डॉक्टरांशी पुन्हा बसून पंचवीस खेपांचा निर्णय झाला. ते उपचार पुरे झाले. वडील रात्री अजून तीनदा उठतात, तक्रारही करतात, आणि रविवारी विहारात पुढच्या रांगेत बसतात.

ऑपरेशन का नाही, असेही विचारले जाते. थोडक्यात इतकेच, की आजार ग्रंथीतच असलेल्यांसाठी ऑपरेशन हाही पर्याय आहे, पण त्याचे त्रास वेगळे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात सहा महिन्यांनी लघवी गळते म्हणून पॅड वापरणारे ऑपरेशनवाल्यांत शंभरात ४६ होते, किरणवाल्यांत ५. सहा वर्षांनी १७ आणि ४. उलट शौचाची कुरकुर किरणवाल्यांत जास्त.

त्रास येतात कधी? पहिल्या आठवड्यात फारसे काही नसते आणि माणूस म्हणतो, मला काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला जळजळ, घाई, रात्री उठणे, धार बारीक होणे, शौचाला वारंवार जावेसे वाटणे, आव पडल्यासारखे चिकट जाणे, आणि थकवा. हे बहुतेकांचे उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरते. या काळात लाईट अर्धवट सोडू नये. खंड पडला तर उपचाराची ताकद कमी होते. डॉक्टरांकडे या प्रत्येक त्रासावर औषध असते, फक्त सांगावे लागते. लघवी पूर्ण अडली, ताप-थंडी आली किंवा रक्ताच्या गाठी पडल्या, तर मात्र पुढच्या खेपेची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.

दुसरी जात मागाहून येणाऱ्या त्रासांची. सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी तीन वर्षांनी. तोवर फाईल माळ्यावर गेलेली असते. इथेच घोटाळा होतो. आमच्या ओळखीतल्या एका काकांना लाईट घेऊन दोन वर्षे झाली होती. शौचातून लाल रक्त जाऊ लागले. त्यांनी कोणाला सांगितले नाही, ‘मूळव्याध-भगंदर’ असा बोर्ड लावलेल्या एका दवाखान्यात गेले. लाईट घेतल्याचे ना त्यांनी सांगितले, ना तिथे कोणी विचारले. आत काहीतरी जाळले, इंजेक्शन दिले. किरण लागलेली कातडी जखम भरून काढायला कमकुवत असते. ती जखम कित्येक महिने भरली नाही, आणि शेवटी मोठ्या रुग्णालयातच जावे लागले. त्या काकांचे रक्त मुळात फार नव्हते. असे रक्त अनेकदा औषधाच्या एनिमाने किंवा नुसत्या देखरेखीने थांबते. त्यामागे आतड्याचा दुसरा आजार नाही ना, हे दुर्बिणीने पाहावे लागते, पण ते पाहणाऱ्याला “इथे लाईट घेतली आहे, समोरच्या बाजूचा तुकडा काढताना जपा,” हे माहीत हवे. म्हणून ज्याने प्रोस्टेटसाठी लाईट घेतली त्याने पुढे दाताच्या डॉक्टरकडेही ते सांगायची सवय लावली तरी चालेल. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर तेही सांगा.

कोणाला जास्त त्रास होतो? ज्यांना आधीपासून साखर आहे, जे विडी-सिगारेट ओढतात, ज्यांना आधीच लघवीची अडचण आहे, आणि ज्यांचे आधी दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडण्याचे ऑपरेशन झाले आहे. हे शेवटचे आपल्याकडे फार. लघवी तुंबली म्हणून ऑपरेशन होते आणि काढलेल्या तुकड्यांत कॅन्सर निघतो. अशा वेळी लाईट लगेच सुरू न करता जखम भरू देतात. हा उशीर म्हणजे टाळाटाळ नव्हे. विडी मात्र आजच सोडायची. तिच्याबाबत आम्हाला काही मवाळ सांगता येत नाही.

एक अगदी घरगुती गोष्ट, जिच्यावर त्रास बराच अवलंबून असतो. लाईटच्या वेळी लघवीची पिशवी भरलेली आणि गुदाशय रिकामा हवा. पिशवी भरली की तिचा वरचा भाग आणि आतडी किरणांपासून दूर सरकतात, आणि गुदाशय रिकामा असला की ग्रंथी रोज त्याच जागी राहते. आता चाकण-भोसरी रस्त्यावरची संध्याकाळची कोंडी ज्यांनी पाहिली आहे ते विचारतील, भरलेल्या पिशवीने दोन तास कसे काढायचे? काढू नका. घरून पाणी पिऊन निघायचेच नाही. रुग्णालयात पोहोचून आधी लघवी-शौच करून घ्या, मग सांगितले असेल तेवढेच पाणी, तेवढ्याच वेळात प्या आणि थांबा. किती आणि किती वेळ, ते प्रत्येक ठिकाणी ठरलेले असते. रोज तेच पाळा. शक्य असेल तर दुपारची वेळ मागून घ्या. त्या दिवसांत हरभऱ्याची उसळ, मटकी, कोबी असे वायू धरणारे पदार्थ कमी करा.

हार्मोनच्या उपचारांबद्दल चार शब्द, कारण त्यांचे त्रास लोक लाईटच्या नावावर टाकतात. अंगात एकदम गरम वाफ येणे, घाम फुटणे, अशक्तपणा, छाती भरून येणे, हाडे ठिसूळ होणे, चिडचिड, इच्छा मरणे, हे हार्मोन बंद झाल्यामुळे होते. हे हार्मोन दोन प्रकारे बंद करतात. दर एक-तीन महिन्यांनी इंजेक्शन, किंवा एकदाच छोटे ऑपरेशन करून अंडकोष काढणे. ऑपरेशन स्वस्त पडते आणि खेपा वाचतात, पण ते परत फिरवता येत नाही. गरीब आहे म्हणून परस्पर ऑपरेशनच ठरवले, असे होऊ देऊ नका. दोन्ही समजावून सांगायला लावा आणि घरात ठरवा. लैंगिक ताकद कमी होणे हार्मोनमुळेही होते आणि पुढे काही वर्षांत किरणांमुळेही. आपल्याकडे पुरुष हे बायकोशीही बोलत नाहीत, मग ‘गुप्तरोग तज्ज्ञा’च्या भिंतीवरच्या जाहिराती वाचतात. यावर साध्या गोळ्या आहेत, पण छातीत दुखते म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्यांना त्या जिवावर बेतू शकतात. म्हणून डॉक्टरला विचारूनच.

पैशाचे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर थांबू नका. आरोग्यमित्राला विचारा, “आयएमआरटी योजनेतून मिळेल, की साधी पद्धत?” फरक तिथे दडलेला असतो. ज्या मुलाचा ईएसआय कापला जातो त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येतात, पण त्यांची नावे कार्डावर चढलेली हवीत. कंत्राटदाराकडे पाठपुरावा आजच करा. पाच वर्षे तरी ईएसआयमध्ये राहून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी ही वैद्यकीय सोय चालू ठेवता येते. हे आपल्या वस्त्यांत फार थोड्यांना ठाऊक आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. परळला जायचे असेल तर कॅन्सर रुग्णाला एसटीत पंच्याहत्तर टक्के सवलत आहे, रेल्वेतही सवलत आहे, आणि दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याची सोय बघता येते.

लाईट संपल्यावर ‘उपचार पूर्ण’ असा कागद देतात. त्यावर किती डोस, किती खेपा, कोणत्या भागावर, हे लिहून घ्या. त्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक मुलाच्या मोबाईलमध्ये फोटो करून ठेवा. पीएसएची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा, सुरुवातीला बहुधा दर तीन-सहा महिन्यांनी, आणि प्रत्येक रिपोर्ट त्याच पिशवीत. पिशवी माळ्यावर नको, दाराजवळच्या खिळ्याला.